चिटणीसाच्या मेजावरील कादंबरीकार

ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखात 1917 सालाच्या अखेरीस, अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने, दोन मराठी घरांत दोन मुले जन्मास आली आणि दोघांनीही पुढे मातृभाषा घरात ठेवून हिंदी साहित्यात आपले स्थान निर्माण केले. पहिले गजानन माधव मुक्तिबोध, जन्म 13 नोव्हेंबर, गाव श्योपूर, वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. दुसरे प्रभाकर माचवे, जन्म 26 डिसेंबर, गाव खुद्द ग्वाल्हेर. मुक्तिबोधांचे नाव आज हिंदीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. माचव्यांविषयी मात्र त्यांच्या स्वतःच्या गावात क्वचितच कोणी बोलते, आणि त्यातही ते व्यंगकार होते, कादंबरीकार होते, हे सांगणारा मनुष्य विरळा. ही उपेक्षा मला फार दिवसांपासून सलत आली आहे.

दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचे शहर होऊन लष्कर हे नाव कायम झाले, तेव्हापासून येथील मराठी माणूस एकाच दिवसात तीन भाषांतून वावरत आला. देवघरात आणि माजघरात मराठी, सराफ्यात आणि बाड्यावर हिंदी, आणि कचेरीत फारसी-उर्दूच्या मुशीत घडलेली दरबारी परिभाषा, असा तो क्रम होता. आमच्या घरी आजोबांची जमाखर्चाची वही मराठीत असे. परंतु पेन्शनीच्या दरखास्तीचा मसुदा करावयास ते बसले, म्हणजे 'अर्ज है कि' या शब्दांनी आरंभ होऊन 'फिदवी' या सहीपर्यंत त्यात एकही मराठी शब्द येत नसे, आणि लिहिताना त्यांची बैठकही बदलत असे. जो मनुष्य लहानपणापासून असे तीन तऱ्हेचे बोलणे ऐकतो, त्याला प्रत्येक तऱ्हेतले ढोंग फार लवकर ओळखू येते. आणि माचव्यांच्या व्यंगदृष्टीचे मूळ मला या ग्वाल्हेरी परिस्थितीतच दिसते. याच शहरात भास्कर रामचंद्र तांबे राजकवी म्हणून राहिले आणि 1941 मध्ये येथेच निवर्तले. तेव्हा मराठी लेखकास येथे मान नव्हता असे नाही. माचव्यांनी हिंदी पत्करली ती निरुपायाने नव्हे, मोठ्या वाचकवर्गाच्या ओढीने पत्करली असावी, असे मी मानतो.

तत्त्वज्ञान आणि इंग्रजी साहित्य यांचा अभ्यास करून माचवे उज्जैनच्या माधव महाविद्यालयात अध्यापक झाले. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानातच होते, आणि नेमिचंद्र जैन व मुक्तिबोध ज्या शुजालपूरच्या शाळेत शिकवीत होते, तेही संस्थानातलेच गाव. अज्ञेयांच्या संपादकत्वाखाली 1943 मध्ये 'तार सप्तक' प्रसिद्ध झाले आणि हिंदी कवितेचा प्रवाह बदलला. त्यातील सात कवींत मुक्तिबोध आणि माचवे हे दोघे मराठी भाषक होते. हिंदीच्या नव्या कवितेच्या पायाभरणीत ग्वाल्हेरच्या मराठी घरांचा एवढा वाटा आहे, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगितली तर त्यांना नवल वाटते.

व्यंगलेखक माचवे यांचे पहिले ठळक दर्शन 'खरगोश के सींग' या निबंधसंग्रहात होते. न्यायशास्त्रात जे कदापि असू शकत नाही त्याचे उदाहरण म्हणून सशाचे शिंग सांगतात. वर्गात तर्कशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकाने विनोदी निबंधांच्या पुस्तकास हेच नाव द्यावे, यातच त्यांच्या विनोदाची जात प्रकट होते. जे नाहीच त्याची प्रतिष्ठा सांभाळण्यासाठी माणसे किती खटाटोप करतात, हे विद्वत्तेच्या साधनांनीच दाखवावयाचे, अशी ती रीत आहे. 'तेल की पकौड़ियाँ' या व्यंगकवितांच्या संग्रहाच्या नावातच बाजाराचा खमंगपणा आहे. 'परन्तु', 'साँचा', 'द्वाभा' या त्यांच्या कादंबऱ्या आटोपशीर आहेत; त्यांचा लेखक कथानकात रमत नाही, विचारात अधिक रमतो, आणि म्हणून केवळ गोष्टीसाठी वाचणाऱ्याचा त्या थोडा हिरमोड करतात. मला त्या आवडतात, परंतु त्या मोठ्या कादंबऱ्या नव्हेत, हेही मान्य केले पाहिजे.

त्या मोठ्या का झाल्या नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या नोकऱ्यांच्या इतिहासात सापडते. ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले त्या 1948 सालीच त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि ते आकाशवाणीत गेले. पु. ल. देशपांडेही प्राध्यापकी सोडून काही वर्षांनी त्याच वाटेने गेले. मराठी वाचकास हे साम्य सहज ध्यानात येईल. परंतु पु. ल. त्या खात्यातून बाहेर पडून रंगभूमीकडे आणि लेखनाकडे वळले, तर माचवे 1954 मध्ये, म्हणजे साहित्य अकादेमी स्थापन झाली त्याच वर्षी, तिच्या सेवेत रुजू झाले आणि आयुष्यातील ऐन उमेदीची वीस-एकवीस वर्षे त्यांनी तिला दिली. 1971 पासून 1975 पर्यंत तर ते तिचे सचिव, जुन्या मराठी भाषेत सांगावयाचे तर चिटणीस, होते.

या पदाचे काम बाहेरून वाटते तसे शोभेचे नाही. प्रत्येक भाषेचे सल्लागार मंडळ, त्याच्या बैठकी, पुरस्कारासाठी आलेल्या ग्रंथांची छाननी, परीक्षकांचे अभिप्राय, भाषांतरांचे करार, छापखान्यातून आलेली मुद्रिते, अंदाजपत्रक आणि या साऱ्यावरची टिपणे, एवढे सारे एकाच मेजावर येते. माचव्यांच्या चिटणीसपदाच्या काळात, 1973 मध्ये मणिपुरीस आणि 1974 मध्ये राजस्थानीस अकादेमीचा पहिला पुरस्कार मिळाला. राजस्थानीचे पहिले मानकरी विजयदान देथा होते. 1975 च्या फेब्रुवारीत कोकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता मिळाली, आणि तो वाद मराठी मुलखात किती कडवट होता हे जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. एका मराठी भाषकाच्या चिटणीसपदाच्या अखेरच्या वर्षी हा निर्णय व्हावा, याचे मला मोल वाटते.

नोकरी आणि व्यंग यांचे वैर आहे असे मात्र कोणी समजू नये. चिं. वि. जोशी बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते आणि पुढे संस्थानच्या दफ्तराचे प्रमुख झाले, तरी त्यांचा चिमणराव थकला नाही. श्रीलाल शुक्ल उत्तर प्रदेशच्या शासकीय सेवेत होते आणि त्या सेवेतच त्यांनी 1968 मध्ये 'राग दरबारी' ही कादंबरी दिली. दुसऱ्याच वर्षी तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा माचवे त्याच अकादेमीच्या कचेरीत अधिकारी होते. जबलपूरच्या हरिशंकर परसाईंनी उलट मार्ग धरला आणि नोकरी टाकून निव्वळ लेखणीवर निर्वाह केला. माचव्यांपाशी शुक्लांइतकाच कचेरीचा अनुभव होता आणि वाचन तर कितीतरी अधिक होते. दिल्लीच्या साहित्यिक दरबारावर, त्यातील मुजरे, मानापमान आणि बक्षिसे यांवर, ज्या भव्य व्यंगकादंबरीची अपेक्षा एकट्या त्यांच्याकडूनच करता आली असती, ती त्यांनी लिहिली नाही. ज्या लेखकांची सेवा करावयाची त्यांनाच पात्रे करणे त्यांच्या सभ्यतेस मानवले नसावे, असा माझा तर्क आहे. वेळेचा अभाव हे कारण मला गौण वाटते.

जे त्यांनी केले ते मात्र थोडे नाही. हिंदी आणि मराठी निर्गुण संतकाव्याचा तुलनात्मक प्रबंध, अकादेमीच्या मालेत इंग्रजीतून लिहिलेले केशवसुतांचे चरित्र, राहुल सांकृत्यायनांवरील पुस्तक, इंग्रजीतीलच आठवणी, आणि मराठीत केलेले लेखन, असा हा पसारा आहे. केशवसुत कोण हे तमिळ किंवा असमिया वाचकास ज्या छोट्या पुस्तकांतून कळले, त्यांत ग्वाल्हेरच्या या माणसाचे पुस्तक अग्रभागी असेल. निवृत्तीनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत; कलकत्त्याच्या भारतीय भाषा परिषदेचे संचालक झाले, आणि सत्तरी ओलांडल्यावर इंदूरला 'चौथा संसार' या दैनिकाचे संपादकपद त्यांनी स्वीकारले. 1991 मध्ये त्यांचे निधन झाले.

लष्करातील आपल्या मराठी संस्थांना आणि ग्रंथालयांना माझी विनंती आहे की माचव्यांची हिंदी, मराठी आणि इंग्रजी पुस्तके मिळतील तेथून मिळवून एकाच कपाटात मांडावीत, आणि 'खरगोश के सींग'मधील निवडक निबंधांचा मराठी अनुवाद येथील कोणा तरुणाकडून करवून घ्यावा. दोन्ही भाषा घरच्या म्हणून बोलणारी मुले या शहरात अद्याप आहेत, तोवरच हे काम सुकर आहे.