विश्लेषण : डोक्याने परतवलेल्या चेंडूंचा हिशेब कोण ठेवणार? मॅक्वीन यांची कारकीर्द काय सांगते?

कॉर्नर किकवर चेंडू उंच येतो. बचावपटू गर्दीतून उडी घेतो, डोक्याने चेंडू लांब फेकतो आणि सामना पुढे सुरू राहतो. गोल करणारा लक्षात राहतो, हा हेडर कुणाच्या लक्षात राहत नाही. स्कॉटलंडचे माजी बचावपटू गॉर्डन मॅक्वीन यांनी सुमारे दीड दशक हेच काम केले. जून २०२३ मध्ये वयाच्या ७०व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते स्मृतिभ्रंशाने आजारी होते. त्यांची कारकीर्द आणि त्यानंतरचे आयुष्य एकत्र पाहिले, तर फुटबॉलने फार काळ टाळलेला एक प्रश्न समोर येतो.

मॅक्वीन कोण होते?

सहा फुटांहून उंच असलेल्या मॅक्वीन यांनी स्कॉटलंडमधील सेंट मिरेन क्लबकडून सुरुवात केली. १९७२ मध्ये ते इंग्लंडमधील लीड्स युनायटेडमध्ये आले आणि १९७३-७४ च्या लीग विजेत्या संघाचा आधारस्तंभ ठरले. १९७८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्यांच्यासाठी ४ लाख ९५ हजार पौंड मोजले. ब्रिटिश क्लबांमधील व्यवहारासाठी ती त्या वेळची विक्रमी रक्कम होती. १९८३ मध्ये त्यांनी युनायटेडकडून एफए कप जिंकला. स्कॉटलंडसाठी ते ३० सामने खेळले.

त्यांचा सर्वात गाजलेला गोल १९७७ चा. वेम्बली मैदानावर इंग्लंडविरुद्ध त्यांनी हेडरनेच चेंडू जाळ्यात धाडला. स्कॉटलंडने सामना २-१ असा जिंकला आणि चाहत्यांनी मैदानात धाव घेऊन गोलपोस्टच मोडले. २०२१ मध्ये कुटुंबीयांनी त्यांच्या आजाराची माहिती जाहीर केली, तेव्हा हेडिंगची ही किंमत असू शकते, असेही सांगितले.

संशोधन काय सांगते?

ग्लासगो विद्यापीठातील डॉ. विली स्टुअर्ट यांच्या पथकाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या आणि त्यांची तुलना सुमारे २३ हजार सर्वसामान्य पुरुषांशी केली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. मेंदूच्या ऱ्हासाशी संबंधित आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये साडेतीन पट आढळले. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र त्यांच्यात कमी होते.

साडेतीन पट हा आकडा ऐकून घाबरण्याआधी मूळ प्रमाण पाहायला हवे. मृत्यूचे मुख्य कारण म्हणून असे आजार १.७ टक्के खेळाडूंमध्ये नोंदले गेले, तर इतरांमध्ये ०.५ टक्के. म्हणजे बहुतेक खेळाडूंना हा आजार होत नाही. शिवाय हे आकडे संपूर्ण गटाचे आहेत. त्यावरून एखाद्या खेळाडूच्या आजाराचे कारण ठरवता येत नाही.

बचावपटूंनाच धोका जास्त का?

याच पथकाचा २०२१ मधील अभ्यास अधिक बोलका आहे. गोलरक्षकांमधील धोका सर्वसामान्यांपेक्षा फारसा वेगळा आढळला नाही. बचावपटूंमध्ये मात्र तो जवळपास पाच पट होता. कारकीर्द जितकी लांब, तितका धोका अधिक. मैदान तेच, क्लब तेच, सरावही बरोबरीने. फरक आहे तो चेंडू हाताने अडवण्यात आणि डोक्याने परतवण्यात. हा अंतिम पुरावा नव्हे; पण संशयाची सुई कुठे वळते, हे त्यातून स्पष्ट होते.

हा दोष जुन्या चामडी चेंडूंचा होता का?

असा युक्तिवाद नेहमी होतो. प्रत्यक्षात कोरड्या चेंडूचे वजन १९३७ पासून नियमानुसार ४१० ते ४५० ग्रॅमच आहे. चामडी चेंडू पावसात पाणी पिऊन जड होई, हे खरे. पण आजचा चेंडू अधिक वेगाने येतो, आणि धडकेचा जोर वजनाइतकाच वेगावरही ठरतो. त्यामुळे हा प्रश्न इतिहासजमा झाला, असे मानता येत नाही.

नियम बदलले का?

बदलले, पण उशिरा. इंग्लंडचे माजी आघाडीपटू जेफ अ‍ॅसल यांचे २००२ मध्ये ५९व्या वर्षी निधन झाले. अधिकृत चौकशीत त्यांचा मृत्यू ‘औद्योगिक आजारा’मुळे झाल्याचे नोंदवले गेले. म्हणजे कामामुळे जडलेला आजार. तरीही ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या सरावातील हेडिंगवर बंदी यायला २०२० उजाडले. २०२१ पासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंना सरावात आठवड्याला जोरदार हेडर दहापर्यंतच ठेवण्याची मार्गदर्शक सूचना आहे. स्कॉटलंडने २०२२ मध्ये सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडिंगचा सराव थांबवण्यास सांगितले.

पुढे काय व्हायला हवे?

हेडर काढून टाका, असे कोणी म्हणत नाही. तो खेळाचा भाग आहे. पण हेडरचा मोठा वाटा सरावात असतो, आणि तो घटवल्याने सामन्याची रंगत तसूभरही कमी होत नाही. त्यामुळे सर्वात सोपा उपाय तिथेच आहे. आज प्रत्येक धाव, प्रत्येक पास मोजला जातो. मग सरावातील हेडर मोजणे अशक्य कसे? कोल्हापूर असो वा गोवा, लहान मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी त्यासाठी कोणत्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. खाणीत किंवा कारखान्यात काम करताना आजार जडला, तर मालकाला उत्तर द्यावे लागते. मॅक्वीन यांच्या पिढीतील बचावपटूही पगारी कामगारच होते. डोके हे त्यांचे हत्यार होते. त्यांच्यातील जे आज आजारी आहेत, त्यांच्या उपचारांचा आणि देखभालीचा भार एकट्या कुटुंबावर पडू नये. एका बचावपटूसाठी विक्रमी रक्कम मोजणाऱ्या या खेळाला तेवढा हिशेब नक्कीच परवडेल.