औषध म्हटलं की नियम संपतो का?



गेल्या पावसाळ्यात आमचं महिला मंडळ महाडहून शिवथरघळीला गेलं होतं. परतताना एका वळणावर गाडी थांबली. झाडावर चढलेली एक वेल दाखवून कुणीतरी म्हणालं, "गुळवेल!" पाच मिनिटांत प्रत्येकीच्या पिशवीत हातभर तुकडे. दुसऱ्या दिवसापासून नवकारशी झाली की रिकाम्या पोटी काढा सुरू. किती दिवस? "रोजच घ्यायचा, नैसर्गिकच तर आहे!"

मला तेव्हा राग आला, तो अजून गेलेला नाही.

आपण पाणी गाळून पितो. बावीस अभक्ष्यांत अनोळखी फळ येतं, हे आपल्या मुलांनाही पाठ असतं. वंकचूलची गोष्ट आपण पाठशाळेत ऐकली. साथीदारांनी रानातली अनोळखी फळं खाल्ली आणि ते मेले. नियम होता म्हणून तो वाचला. पुढे वैद्याने औषध म्हणून सांगितलेलं कावळ्याचं मांसही त्याने नाकारलं. आणि आपण? "औषधी" हा एक शब्द ऐकला की सगळे नियम खुंटीला!

पान बदामाच्या आकाराचं, म्हणून ती गुळवेल ठरली. तशी पानं कितीतरी वेलींना असतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने म्हटलं, वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वादात कुणाचं खरं, ते क्षणभर बाजूला ठेवा. मंत्रालयाचं खरं मानलं, तर गाडीच्या खिडकीतून वेल ओळखणाऱ्या आपण कोण?

याच भागातल्या डोंगरउतारांवर श्रावणात कळलावी फुलते. लाल-पिवळी, पाहत राहावी अशी. तीही औषधीच, पण आयुर्वेदाने तिला उपविषांत घातलं आहे आणि शुद्ध केल्याशिवाय वापरू नये असं सांगितलं आहे. तिचा कंद पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे निसर्गाने कधी सांगितलं?

"आजी घेतच होती ना काढा?" घेत होती. पण आजीला वेल ओळखता येत होती, मात्रा ठाऊक होती, आणि ताप उतरला की काढा बंद होत होता. पावसाच्या सुरुवातीला शेवळं विकणारी बाई सोबत काकडं देते, कारण आंबटाशिवाय शेवळं घशाला खाजतात. आपल्यात शेवळं चालत नाहीत, पण तिची ही रीत बघा: वस्तूबरोबर तिचा दोषही सांगायचा. मोबाइलवरचा संदेश फक्त गुण सांगतो.

आणि आणखी एक. वनस्पतीतही जीव आहे, हे आपण रोज प्रतिक्रमणात म्हणतो. गरज नसताना, ऐन चातुर्मासात ओली वेल ओरबाडणं ही विराधना नाही का? तिला "आरोग्य" म्हटल्याने ती धुतली जात नाही.

माझा आयुर्वेदाला विरोध नाही. दुखणं असेल तर वैद्यांकडे जा, मात्रा आणि दिवस विचारून घ्या. आधीच गोळ्या चालू असतील, यकृताचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काहीही नको. काढा घेताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर तो बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अनोळखी फळाचा नियम पानाला, वेलीला आणि काढ्यालाही लागू आहे. कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण पिशवीतली ती वेल आधी टाकून द्या.