धानाचा कोंडा व आंतड्यांचें आरोग्य

आपला भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा. १९९९ सालीं गोंदिया निराळा झाला, तरी तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत ताटांत मुख्य अन्न भातच राहिलें. असें असतां, जो कास्तकार धान पिकवितो त्याच्याच घरीं हल्लीं बद्धकोष्ठाचें चूर्ण व वायूच्या गोळ्या दिसूं लागल्या आहेत. त्यांत आतां 'चांगल्या जंतूंच्या' कुप्यांची भर पडली आहे. त्या घेतल्या कीं पोट सुधारतें, असें विक्रेते सांगतात. आम्ही वैद्य नव्हे. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. परंतु हा विषय असा आहे कीं, तो शेतकऱ्यास इतरांपेक्षां लवकर उमगावा.

मनुष्याच्या मोठ्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जीव राहतात. त्यांची संख्या देहांतील पेशींच्या संख्येइतकीच भरते, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. कोंडा, डाळीचें साल, भाजीचे तंतु यांचा जो भाग आपल्यास पचत नाहीं तो हे जीव खातात, व त्यापासून कांहीं आम्लें बनवितात. त्यांपैकीं ब्युटिरिक नांवाचें आम्ल हें आंतड्याच्या अस्तराचें मुख्य पोषण होय. म्हणजे आपण जेवतों तें एकट्यासाठीं जेवत नाहीं.

आतां कुपीची गोष्ट. पेरणीपूर्वीं बियाण्यास जीवाणु-संवर्धक चोळण्याची रीत वाचकांस ठाऊक आहेच. ज्या बांधींत वर्षानुवर्षें शेणखताची पाटी पडली नाहीं, तेथें त्या पाकिटाचा गुण कितीसा येणार? जीवाणु टाकले, पण त्यांस खाण्यास कांहीं ठेवलें नाहीं. पोटाचेंही तसेंच आहे. विशिष्ट दुखण्यांत डॉक्टर अशी कुपी देतात, तें निराळें. पण निरोगी मनुष्यानें कोंडा विकावा आणि कुपी विकत घ्यावी, हा व्यवहार आम्हांस उलटा वाटतो.

आणि कोंडा आपण खरोखरच विकतों. धान भरडाईस जातें, तांदूळ पांढराशुभ्र होऊन घरीं येतो, आणि कोंडा तेलाच्या कारखान्यास व जनावरांस जातो. या चकचकीत तांदुळाचे दोष नवे नाहींत. जावा बेटांत आयकमन या डच डॉक्टरास दिसलें कीं, सडलेल्या तांदुळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात व कोंड्यासहित दिल्यास सुधारतात. या कार्याबद्दल त्यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या शेजारीं वर्ध्यास १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हां हातसडीच्या तांदुळाचा प्रचार हें महात्मा गांधींनीं त्या संघाचें एक मुख्य काम मानलें होतें. त्या वेळीं जंतूंची ही माहिती नव्हती; जीवनसत्त्वांचीच होती. आतां दुसरें कारण मिळालें आहे, इतकेंच.

यावर घरच्या बायका जी हरकत घेतात ती खोटी नव्हे. कोंड्यासहित तांदूळ शिजण्यास वेळ लागतो, चावावा लागतो, आणि कोंड्यांतील तेलामुळें लवकर खवट होतो. वर्षाचा तांदूळ एकदम भरडून कोठींत भरण्याची संवय ठेवून हें जमणार नाहीं. धान साठवावें व तांदूळ महिन्यापुरताच काढावा. एकदम तपकिरी तांदुळावर जाण्याचेंही कारण नाहीं. पॉलिशचा एक हात कमी केला तरी पुष्कळ साधतें. उष्णा तांदूळ करतांना कांहीं जीवनसत्त्वें दाण्यांत मुरतात, म्हणून तो अरव्यापेक्षां बरा. पण पॉलिश झाल्यावर त्याचाही कोंडा जातोच.

रात्रींचा भात पाण्यांत घालून सकाळीं ताकाबरोबर खाणें हें गरिबीचें लक्षण मानून पुष्कळ घरांनीं सोडलें. वस्तुतः शिजवून थंड झालेल्या भातांतील थोडें पिष्ट पचनास कठीण बनतें व तें आंतड्यांतील जीवांच्या वांट्यास जातें. मात्र पाणी स्वच्छ हवें, भांडें झांकलेलें हवें, आणि उन्हाळ्यांत दुपारपर्यंत तसाच राहिलेला भात टाकून द्यावा. त्यांतील एक विष पुन्हां ऊन केल्यानेंही जात नाहीं.

डाळीविषयीं लिहितांना लाखोळी वगळतां येत नाहीं. उभ्या धानांत उतेरा टाकलेली ही डाळ तंतूंनीं समृद्ध आहे. परंतु महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, हा दुष्काळांतील अनुभव जुना आहे. रतन, प्रतीक यांसारख्या कमी विषाच्या जाती पेराव्या, डाळ भरपूर पाण्यांत उकळून तें पाणी टाकावें, व तूर, मूग, हरभऱ्याबरोबर अधूनमधून खावी. तिला एकदम वाळींत टाकणें किंवा तिची बेफाम स्तुति करणें, दोन्ही आम्हांस मान्य नाहींत.

इतकें करून साध्या सर्दीस दुकानांतून जंतुनाशक गोळ्या आणून खाल्ल्या, तर सर्दी बरी होत नाहींच, उलट पोटांतील उपयोगी जीव मरतात व सावरण्यास आठवडे लागतात. डॉक्टरच्या सल्ल्यावांचून त्या घेऊं नयेत. दिल्यास सांगितल्याप्रमाणें पूर्ण घ्याव्या. पाण्याचें दुखणें तर एका घराच्या हातचें नव्हे. नागपुराचें सांडपाणी नाग नदीनें कन्हानेंत, व तेथून वैनगंगेंत गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत येतें. त्यासाठीं गांवांनीं एकजुटीनें तगादा लावावा, व तोंवर पिण्याचें पाणी उकळून घ्यावें.

आमची सूचना एकच आहे. खरिपाच्या भरडाईपूर्वीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं गिरणीवाल्याशीं बोलून आठवड्यांतील एक दिवस कमी पॉलिशच्या भरडाईसाठीं राखून घ्यावा. दोन-चार पोत्यांसाठीं तो यंत्राची जुळवणी बदलणार नाहीं. वीस घरांचें धान एकत्र गेलें तर नाहीं म्हणणार नाहीं. भाव ठरवितांना कोंडा कमी निघेल म्हणून तो भरडाई थोडी अधिक मागेल, ती द्यावी.