यंत्र उशिरा आलं, पण मागवलं कधी?

सरकारी बांधकाम रखडलं की उत्तर ठरलेलं असतं: यंत्रसामग्रीच आली नाही. बंदरात अडकली, परदेशी कंपनीने तारीख पाळली नाही, आपल्यासारख्या देशात हे चालायचंच. सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकला हे उत्तर परवडणारं नाही.

या उत्तराच्या बाजूने सर्वांत भक्कम दाखला मिळतो तो बुलेट ट्रेनचा. बीकेसी ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्यासाठी जर्मन कंपनीची टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारी यंत्रं, चीनमध्ये अडकल्याच्या बातम्या २०२५ साली आल्या. अडचण खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रकल्पाचं भूमिपूजन झालं १४ सप्टेंबर २०१७ रोजी आणि या बोगद्याचं कंत्राट दिलं गेलं २०२३ मध्ये. मधली जवळजवळ सहा वर्षं कुठल्या चिनी बंदराने खाल्ली नाहीत. ती भूसंपादनात, कोर्टकचेऱ्यांत आणि फेरनिविदांत गेली. त्याच बोगद्याचा घणसोली ते शिळफाटा हा सुमारे पाच किलोमीटरचा भाग टीबीएमविना, सुरुंग लावून खोदायचा होता. तो सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झालासुद्धा.

देश मागास म्हणून माल उशिरा, हेही पटत नाही. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी रूळ आणि पुलांचं लोखंड विलायतेहून आफ्रिकेला वळसा घालून यायचं, तरी १८६५ साली थळ घाट चढून गाडी इगतपुरीला आली. त्या काळी घाटांत मजुरांचे जीव कवडीमोल होते. त्याचं कौतुक होऊच शकत नाही. घ्यायचं ते एवढंच, की जहाजाचे महिने आधीच हिशेबात धरता येतात.

आता नाशिककडे या. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. मागचा सिंहस्थ २०१५ चा. पुढचा कधी, हे तेव्हाच माहीत होतं. गोदावरीत मैलापाणी जाऊ नये म्हणून मलजल शुद्धीकरण केंद्र बांधायचं, तर काँक्रीटच्या टाक्या आधी उभ्या राहतात, कारण त्यांचं बिल लवकर निघतं. पंप, ब्लोअर, इलेक्ट्रिक पॅनेल यांची ऑर्डर मागून जाते. असा पंप दुकानातून उचलून आणता येत नाही. ड्रॉइंगला सल्लागाराची मंजुरी, मग ॲडव्हान्स, मग कारखान्यात बांधणी आणि तपासणी, त्यानंतर तो साइटवर येतो. ड्रॉइंगची फाइल टेबलावर पडून राहिली की ते महिनेही शेवटी 'यंत्र आलं नाही' याच खात्यावर चढतात. आणि पॅनेल तर आपल्या सातपूर-अंबडमध्येच बनतात! त्यासाठी कुठलं जहाज अडणार?

उरलेल्या दिवसांत रात्रंदिवस काम करून भरपाई करू, असं कुणी म्हणेल. ती जोखीम मजुराच्या डोक्यावर असते. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यातल्या सरळांबे येथे, गर्डर लाँचर कोसळून वीस जण गेले. अवजड यंत्राखाली घाईला जागा नसते.

म्हणून मागणी साधी आहे. सिंहस्थाच्या प्रत्येक कामाच्या फलकावर कंत्राटदाराचं नाव आणि रक्कम असतेच. त्याखाली मोठ्या यंत्रांची ऑर्डर कधी दिली, ड्रॉइंग कधी मंजूर झालं, ॲडव्हान्स कधी गेला, या तीन तारखा लिहा. नाशिककरांनीही काम कधी संपणार एवढंच विचारू नये, या तारखा मागाव्यात.