यंत्रांची भाषा कोणाच्या मालकीची?

यंत्राची किंमत सर्वांना दिसते. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची किंमत मात्र फारसे कोणी मोजीत नाही. नगरपालिकेच्या टाकीवरील नियंत्रक एका कंपनीचा आणि पंपावरील दुसरीचा असेल, तर टाकी भरल्याचा निरोप पंपापर्यंत पोचावा कसा, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो बाजारातील सत्तेचा प्रश्न आहे.

१९७९ साली मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने ‘मॉडबस’ हा संदेशवहनाचा नियमसंच प्रसिद्ध केला. त्याच्या मूळ रचनेत एक यंत्र धनी आणि बाकीची चाकर. धन्याने विचारल्याखेरीज चाकराने बोलावयाचे नाही. साहजिकच धनी बंद पडला की सारेच मुके. पुढे समपदस्थ यंत्रांनी परस्परांशी थेट बोलण्याच्या पद्धती आल्या. वीज उपकेंद्रांसाठीच्या ‘आयईसी ६१८५०’ या मानकानुसार एक संरक्षक रिले दुसऱ्यास अवघ्या काही मिलिसेकंदांत इशारा देतो. काही घडले नसतानाही तो निरोप ठरावीक अंतराने पाठवीत राहतो. निरोप थांबला, तर काही बिघडले हे ऐकणाऱ्यास कळावे, हा त्यामागील हेतू. कोणती माहिती कोणी, कोणास, किती वेळाने द्यावयाची, हे आधी ठरवून देणे म्हणजेच या यंत्रांची जुळणी.

ही भाषा एकच असावी असे कोणास वाटेल. परंतु कारखान्यांसाठी एक जागतिक मानक ठरविण्याचा खटाटोप वर्षानुवर्षे चालला आणि २००० सालाच्या सुमारास ‘आयईसी ६११५८’ या एकाच नावाखाली आठ निरनिराळ्या पद्धती मान्य झाल्या! कारण उघड आहे. ज्याची भाषा, त्याचेच सुटे भाग, त्याचाच दुरुस्तीवाला. सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारणारी संस्था पहिल्या वर्षी पैसे वाचविते आणि पुढील वीस वर्षे ते फेडीत बसते.

खुली भाषा असुरक्षित, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. मूळ मॉडबसमध्ये निरोप धाडणाऱ्याची ओळख पटविण्याची सोयच नाही. २०१६ साली युक्रेनच्या राजधानीतील वीजपुरवठा तोडणाऱ्यांनी खुल्या मानकांचाच उपयोग केला. पण २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने इराणमध्ये लक्ष्य केलेले नियंत्रक सीमेन्सच्या खासगी पद्धतीचे होते. तात्पर्य, गुप्तता म्हणजे सुरक्षितता नव्हे. भाषा सर्वांची असावी, कुलूप मात्र घरधन्याचे असावे.

म्हणूनच पाणी आणि वीज यांसारख्या सार्वजनिक सेवांच्या निविदांत तीन अटी अपरिहार्य मानल्या पाहिजेत : संदेशवहन खुल्या मानकानुसार असावे, जुळणीचे संपूर्ण दप्तर व परवलीचे शब्द संस्थेच्या ताब्यात असावेत, आणि ती जुळणी बदलू शकणारे कर्मचारी संस्थेचे स्वतःचे असावेत. शेवटची अट सर्वांत खर्चिक वाटेल. परंतु यंत्र विकत घेऊन त्याचे ज्ञान भाड्याने घेणारी संस्था त्या यंत्राची मालक नसते, कूळ असते.