भिंतीचं काम आणि गीझर

सदाशिव पेठेतल्या एका भगिनीने विचारलंय, "न्हाणीघरात गीझरमागच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेत. गवंडी म्हणतो, गीझर न काढताच गिलावा करून देतो. चालेल का?"

नाही हो, मुळीच नाही! गवंड्याचा वेळ वाचेल, पण फुगलेली जागा नेमकी गीझरच्या पाठीमागे तशीच राहील. शिवाय छिन्नी-हातोड्याच्या दणक्यांनी बोल्ट ढिले होतात. पंचवीस लिटरच्या गीझरमध्ये नुसत्या पाण्याचंच वजन पंचवीस किलो. ते आपल्या डोक्यावर टांगलेलं असतं!

आधी ओल कशामुळे येते ते पाहा. गार पाण्याच्या नळीला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यातून पाणी तापताना थेंब गळतात. तेच भिंतीवरून ओघळत असतील तर बारीक नळी जोडून मोरीच्या तोंडाशी सोडा. गळतो म्हणून त्या व्हॉल्व्हला बूच मात्र कधीही मारू नका. आतला दाब बाहेर पडायची ती वाट आहे.

गीझर उतरवायचा तो प्लंबर आणि वायरमन बोलावून. आदल्या रात्रीपासून तो बंद ठेवा, म्हणजे पाणी निवेल. मेन स्विच बंद करूनच वायर सोडवायची, उघड्या टोकांना टेप गुंडाळायची आणि काम संपेपर्यंत त्या लाइनचा फ्यूज काढूनच ठेवायचा. ओल्या भिंतीशी खेळ नको. मग पाण्याचा कॉक बंद करून, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी रिकामी करतात. उतरवलेल्या गीझरच्या तोंडांना फडकं बांधा, नाहीतर सिमेंटची धूळ आत जाते. बोअरचं पाणी वापरत असाल तर याच वेळी आतला क्षारही काढून घ्या. एरवी तेवढ्यासाठी कोण गीझर उतरवतंय?

गिलावा झाला की "ताई, लावून टाकू का?" असं विचारतील. थांबा. निदान सात दिवस भिंतीवर पाणी मारायचं, मग ती वाळू द्यायची. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये काढावं, जूनच्या पावसात भिंत वाळता वाळत नाही. बोल्ट नवेच घ्या, बोहरी आळीत मिळतात. ते नुसत्या गिलाव्यात नव्हे, आत विटेत पक्के बसायला हवेत. साडेचार इंची भिंत असेल तर आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावून घ्या.

तोवर अंघोळीचं काय? आजीच्या तांब्याच्या बंबाला ना भिंत लागायची ना बोल्ट! आता बादलीत रॉड टाकतात. टाकायचा असेल तर बादली प्लॅस्टिकची घ्या, रॉड पाण्यात गेल्यावरच बटण दाबा आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटसुद्धा घालू नका. घरात लहान मूल असेल तर रॉड नकोच. गॅसवर अर्धं पातेलं पाणी तापवा, आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

गीझर परत बसवल्यावर गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा. आधी गुरगुर होईल, हवा निघेल. सलग धार लागली की नळ बंद करा आणि मगच गीझरचं बटण दाबा. रिकामा गीझर चालू केलात तर कॉइल जळते, आणि तो खर्च गवंड्याच्या हिशेबात धरलेला नसतो.