आधी तख्ती, मग कागद

दहावीचा निकाल लागला, हाती ईदी जमली की घरोघरी एक मागणी पुढे येते, "अब्बा, कॅमेरा हवा." अलीकडे त्यात नवा पेच आला आहे. मुले चक्क रोलचा कॅमेरा मागू लागली आहेत. त्या फोटोंचे रंग त्यांना भावतात. शिवाय नानांच्या कपाटातला जुना कॅमेरा फुकटच मिळणार असतो. मग पालक आम्हाला विचारतात, "सर, काय करावे?"

आमचे उत्तर सरळ आहे. शिकायचे असेल तर आधी डिजिटल.

फोटोत उजेड नीट उतरणे तीन गोष्टींवर ठरते : भिंगातले छिद्र किती मोठे, शटर किती वेळ उघडे आणि फिल्म किंवा सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील. या तिन्हींचा मेळ हाताला बसायला शेकडो फोटो काढावे लागतात. रोलमध्ये साधारण ३६ फोटो. २०० आयएसओचा रोल घातला की तो संपेपर्यंत २००च. उन्हातून घरात आलात तरी बदलता येत नाही. फोटो दिसतात रोल धुऊन आल्यावर. तोवर कोणत्या फोटोला काय ठेवले होते, हे मूल विसरलेले असते. डिजिटलमध्ये फोटो लगेच दिसतो आणि त्याची सगळी आकडेवारी फोटोसोबतच नोंदली जाते. वही महिन्याने तपासून दिली, तर लाल शेऱ्याचा उपयोग किती होतो, हे आम्ही शिक्षक जाणतो.

उर्दू शिकणारी मुले पूर्वी तख्तीवर मश्क करीत. बोरूने लिहायचे, धुवायचे, मुलतानी माती लावून वाळवायचे, पुन्हा लिहायचे. अक्षर वळणदार झाले की मग कागद. डिजिटल कॅमेरा ही तख्ती आहे, रोल हा कागद.

आता हिशेब पाहू. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन यांत आज हजार रुपये सहज जातात. दहा रोल म्हणजे ३६० फोटो आणि दहा हजारांवर खर्च. त्यात थोडी भर घातली तर वापरलेला डिजिटल एसएलआर भिंगासह मिळू शकतो. लहान गावांतली रोल धुणारी दुकानेही बहुतेक बंद झाली. रोल कुरिअरने शहरात पाठवावा लागतो.

मग रोलमध्ये काहीच गुण नाही? आहे. मोजकेच फोटो असल्याने माणूस बटण दाबण्यापूर्वी विचार करतो. पण ही शिस्त डिजिटलवरही लावता येते. मुलाला सांगा, आज ३६ फोटोच काढायचे. स्क्रीन पाहायची नाही, काही पुसायचे नाही. संध्याकाळी सगळे मिळून पाहू. असे वर्षभर केले की नानांच्या कॅमेऱ्यात खुशाल रोल घाला. कृष्णधवल घेतला, तर थोडी रसायने आणून तो घरीही धुता येतो.

वापरलेला कॅमेरा घेताना भिंग उजेडासमोर धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी समजा. कोकणच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

डिजिटल घेणाऱ्यांना एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. अब्बा-अम्मींच्या निकाहाच्या निगेटिव्ह कित्येक घरांत अजून डब्यात सापडतात. त्यांवरून आजही फोटो निघतो. आणि मागच्या ईदचे फोटो? फोन बिघडला, त्याबरोबर गेले. म्हणून प्रत्येक फोटोच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि दर वर्षी निवडक वीस फोटो छापून अल्बममध्ये लावा. निवड मुलालाच करू द्या. वीस निवडायचे म्हणजे बाकीचे का नाहीत, हे त्याला सांगता आले पाहिजे. ते सांगता येऊ लागले की मूल फोटो काढायला शिकले म्हणावे.